विक्रीचा अभ्यास

मराठवाड्यातील पांढरपेशा घरांत लग्नाची बोलणी निघाली म्हणजे दुसरा किंवा तिसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘मुलगा काय करतो ?’ ‘नोकरीस आहे’ असे उत्तर आले की बैठकीतील मंडळी सैल होऊन बसतात. नोकरी कसली आणि पगार किती, हे मागाहून सावकाश निघते. ‘स्वतःचा धंदा आहे’ असे उत्तर आले तर मात्र क्षणभर कोणी बोलत नाही, आणि पानसुपारी थोडी लवकर येते. धंद्यात मिळकत अधिक असली तरी हा प्रकार चुकत नाही. प्रस्तुत लेखकाने छत्तीस वर्षे शाळेत मुले शिकविली. त्या काळात किती मुलांस आपण निबंध, व्याज आणि शब्दरूपे पढविली ह्याचा हिशेब लागतो. परंतु एखादी वस्तू अपरिचित माणसाच्या पुढे ठेवून तिचे मोल मागावे कसे, हे कोणत्याही इयत्तेच्या अभ्यासक्रमात नव्हते व आजही नाही.

लातूर शहर ह्या बाबतीत पाहण्यासारखे आहे. एका अंगास गंजगोलाई : मध्ये जगदंबेचे मंदिर, आणि तेथून सोळा बाजूंस फुटलेले सोळा रस्ते, प्रत्येकावर आपापली पेठ. ही रचना १९१७ सालची. त्यापूर्वीच, १९११ साली, बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातुरास पोहोचली होती व येथील गळिताचा माल आणि डाळ बाहेर जाऊ लागली होती. आज तुरीच्या डाळीचे आणि सोयाबीनचे भाव ठरविण्यात लातूरच्या मोंढ्याचा शब्द चालतो. शहराच्या दुसऱ्या अंगास शिकवणीवर्गांची वसाहत आहे. ‘लातूर पॅटर्न’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासपद्धतीसाठी नांदेड, परभणी, बीड, धाराशिव येथून हजारो मुले येथे खोल्या घेऊन राहतात व वैद्यकीय प्रवेशासाठी रात्रीचा दिवस करतात. त्यांतील थोड्यांस जागा मिळतात. उरलेल्यांनी पुढे काय करावे, ह्याचे उत्तर त्याच शहराच्या पहिल्या अंगात सोळा रस्त्यांवर मांडून ठेवलेले असते. पण तिकडे ही मुले वही आणि पेन घेण्यापुरतीच जातात.

आपल्या वर्गास विक्रीची लाज का वाटते, ह्याचे कारण कोणी जुन्या ग्रंथांत शोधू लागल्यास त्याची निराशा होईल. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेची साधने नावानिशी सांगितली आहेत. तेथे वाणिज्यास ‘सत्यानृत’ असे नाव आहे. म्हणजे ज्यात खरे आणि खोटे यांची सरमिसळ होते असा व्यवसाय. नाव काही गौरवाचे नव्हे, हे खरेच. परंतु त्याच ठिकाणी सेवेस, म्हणजे दुसऱ्याच्या चाकरीस, ‘श्ववृत्ति’ म्हटले आहे, आणि ती वर्ज्य सांगितली आहे. श्वन् म्हणजे कुत्रा, हे नव्याने सांगावयास नको. पुढे दहाव्या अध्यायात आपत्काळी ब्राह्मणाने काय विकावे व काय विकू नये ह्याची लांबलचक यादी असून दूध विकणाऱ्यास तीन दिवसांत शूद्रत्व येते असेही सांगून ठेवले आहे. वर्णांची ती उतरंड काळाने मोडीत काढली आणि तसेच होणे योग्य होते. गंमत एवढीच की, भिलवडीच्या भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाचाच धंदा आरंभिला, आणि त्यांच्या वंशजांच्या पुण्यातील दुकानापुढे रांगेत उभे राहण्यात आज कोणासही कमीपणा वाटत नाही. तात्पर्य, चाकरी श्रेष्ठ व विक्री कनिष्ठ हा क्रम आपल्यास शास्त्राने दिलेला नाही. तो इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांनी दिला, आणि इकडे निजामाच्या अमदानीत महसूल खात्याने.

संस्कृत वाङ्मयात विक्रीचा अभ्यास कसा करावा ह्याची एक उत्तम कथा आहे, आणि ती आपल्याच मुलखातील आहे. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागराच्या पहिल्याच लंबकात ती येते. गुणाढ्य प्रतिष्ठान प्रांतातील सुप्रतिष्ठित नगरात फिरत असता एका व्यापाऱ्याच्या तोंडून ती ऐकतो. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. त्या गोदावरीचेच पाणी पुढे नांदेडच्या घाटांवरून वाहत जाते.

कथा अशी. एका विधवेचा मुलगा थोडे लिहिणे आणि हिशेब शिकतो. आई त्यास म्हणते, ‘तू वाण्याचा मुलगा आहेस, तेव्हा व्यापार कर. विशाखिल नावाचा श्रीमंत व्यापारी गरीब पण कुलीन मुलांना भांडवल देतो, त्याच्याकडे जा.’ मुलगा जातो तो विशाखिल दुसऱ्या एका तरुणास रागे भरत असतो : ‘तो पाहा जमिनीवर मेलेला उंदीर पडला आहे. शहाणा माणूस तेवढ्या भांडवलावरही पैसा मिळवील. तुला मी दीनार दिले, ते वाढविणे दूरच, तू राखलेही नाहीस.’ नवा मुलगा म्हणतो, ‘हा उंदीर मी भांडवल म्हणून घेतो,’ आणि रीतसर चिठ्ठी लिहून देऊन उंदीर उचलतो. व्यापारी हसतो. एका वाण्याच्या मांजरासाठी तो उंदीर विकला जातो व मुलाच्या पदरात दोन ओंजळी हरभरे पडतात.

येथवर कथा विनोदाची आहे. खरा पाठ पुढे आहे. तो हरभरे खाऊन टाकीत नाही व जसेच्या तसे विकीतही नाही. भाजून-दळून घेतो, पाण्याची घागर भरतो आणि गावाबाहेर चव्हाट्यावर सावलीत जाऊन बसतो. रानातून मोळीविके थकून येतात. त्यांस तो आदराने थंड पाणी व हरभरे देतो. ते संतुष्ट होऊन प्रत्येकी दोन दोन लाकडे देतात. ती लाकडे बाजारात विकून पुन्हा हरभरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे करता करता थोडे द्रव्य जमल्यावर तीन दिवस तो मोळीविक्यांची सगळी लाकडे विकत घेतो. इतक्यात अतिवृष्टी होते, लाकूड मिळेनासे होते, आणि त्यास शेकडो पण मिळतात. पुढे दुकान, धन, आणि शेवटी सोन्याचा उंदीर घडवून तो विशाखिलास परत देणे, हा भाग वाचकांच्या ओळखीचा असेल. विशाखिल त्यास आपली मुलगी देतो. तेथे मात्र ‘मुलगा काय करतो’ ह्या प्रश्नावर कोणी गप्प बसले नाही.

वर्गात ही कथा शिकविताना मुले नेहमी लाकडाच्या साठ्यापाशी अडत. ‘गुरुजी, ही साठेबाजी नव्हे काय ?’ असे एकदा एका मुलीने विचारले होते, आणि तिचे म्हणणे सोडून देण्याजोगे नाही. पावसाने गरजू झालेल्या माणसापासून चढा भाव घेणे हे सत्यानृतातील अनृताच्या बाजूस झुकते. परंतु साठा हा कथेतील दैवाचा भाग होय. पाऊस पडलाच नसता तर? अभ्यासाचा भाग त्याच्या अगोदरचा आहे. कोणत्या माणसाला, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी कशाची गरज आहे, हे तो मुलगा पाहतो. हरभऱ्याचे मोल गावात दोन मुठींइतके, पण चव्हाट्यावर, उन्हात, मोळी उतरविलेल्या माणसापुढे, पाण्यासह, त्याचे मोल लाकडाइतके. विक्री म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणे असे ज्यांस वाटते त्यांनी ही घागर ध्यानात घ्यावी.

आता कथेतून इतिहासात येऊ. महाराष्ट्रात विक्रीचा अभ्यास सर्वांत कसून जर कोणी केला असेल तर तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. त्यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकण्यास ते मुंबईस गेले. रंग ओळखण्यात दृष्टीचा दोष निघाल्यामुळे तो नाद सोडावा लागला. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. म्हणजे तेही मास्तरच. बेळगावास बंधूंच्या सोबतीने त्यांनी सायकली विकण्यास आरंभ केला, त्या वेळी एक सायकल सातशे ते हजार रुपयांस पडे. एवढी किंमत देऊन वस्तू घरी न्यावी आणि तिच्यावर बसता येऊ नये, ही गिऱ्हाइकाची अडचण. तेव्हा किर्लोस्कर स्वतः सायकल शिकले आणि पंधरा रुपये घेऊन दुसऱ्यांस शिकवू लागले. कथेतील पाण्याच्या घागरीचाच हा प्रकार : वस्तूबरोबर तिचा उपयोग विकणे.

सायकलीचे गिऱ्हाईक हौशी आणि पैसेवाले होते. लोखंडी नांगर काढला तेव्हा परीक्षा वेगळी होती. गिऱ्हाईक शेतकरी, आणि त्याची समजूत अशी की लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते व ती नापीक होते. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे गेली. दोन वर्षे तयार माल पडून राहणे म्हणजे काय, हे ज्याने व्याजाने पैसा उचलला आहे तोच जाणील. अशा वेळी बहुतेक माणसे दोन निष्कर्षांपैकी एक काढतात : आपला माल वाईट, अथवा लोक अडाणी. किर्लोस्करांनी दोन्ही काढले नाहीत. शेतकऱ्याचा संशय त्यांनी संशय म्हणूनच धरला. आणि संशय वादाने जात नाही, नांगरलेल्या जमिनीतील पीक पाहून जातो. पीक दिसण्यास हंगाम जावा लागतो, म्हणून दोन वर्षे.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, दहा हजारांचे कर्ज दिले, आणि १९१० साली निवडुंगात किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. त्यातील एक गोष्ट मात्र मासिकांच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. आपल्या आज्या आणि आया ज्या मासिकांवर पोसल्या, ज्यांनी घराघरांत नवे विचार नेले, त्यांचे मूळ नांगराच्या जाहिरातीत आहे. विक्रेत्याने गिऱ्हाइकाशी बोलणे चालू ठेवले, एवढेच त्याचे बीज. साहित्याच्या इतिहासात हे जरा दबक्या आवाजात सांगतात. वास्तविक मोठ्याने सांगावयास हरकत नाही.

अशी आणखी उदाहरणे आहेत. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईस शाईच्या पुड्या आणि टिकिया ‘हॉर्स ब्रँड’ नावाने काढल्या. त्यातूनच कॅमलची शाई आली, जिने आमच्या पिढीची बोटे निळी केली. नागपूरहून मुंबईस गेलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली विको कंपनी काढून दंतमंजन घरोघर फिरून खपविले. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे भुलेश्वरच्या व्यापाऱ्यास विकली. तोच आजचा लिज्जत पापड. चार पाकिटे हा आकडा मला फार आवडतो.

परंतु मुंबईची आणि किर्लोस्करवाडीची उदाहरणे सांगितली की आमच्याकडील मंडळी म्हणतात, ‘तिकडचे सोडा.’ म्हणून इकडचे पाहू.

मोंढ्यातील अडत्याचा मुलगा विक्री कशी शिकतो, हे मी नांदेडात जवळून पाहिले आहे. त्यास कोणी व्याख्यान देत नाही. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून तो सुट्टीत गादीवर येऊन बसतो. प्रथम पाणी देणे. मग पोत्याला परखी मारून नमुना काढणे. मग तूर तळहातावर घेऊन दाण्यावरून ओल किती, खडा किती, हे सांगणे. चुकला तर वडील शेतकऱ्याच्या देखत काही बोलत नाहीत, संध्याकाळी बोलतात. किर्द लिहिणे त्यानंतर येते. निजामी अमदानीत तर आणखी एक विद्या लागे : आपल्याकडे हाली सिक्का आणि पलीकडे इंग्रजी कलदार, सात हालीस सहा कलदार असा साधारण हिशेब, बार्शीच्या व्यापाऱ्याशी बोलताना भाव तोंडी ह्या नाण्यातून त्या नाण्यात फिरवावा लागे. ते राज्य १९४८ साली गेले व पुढे ते नाणेही गेले, पण जुन्या गाद्यांवर तोंडी हिशेबाची ती तडफ अजून दिसते.

जनावरांच्या बाजारात ह्याहून मोठी शाळा भरते. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, उंट, गाढवे आणि बैल एका माळावर मिळण्याचे असे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीचा आठवडी बाजारही असाच नावाजलेला. कंधारचा लाल कंधारी आणि देवणीचा देवणी, ह्या आपल्याच भागातील दोन जाती तेथे पाहाव्यात. सौदा ठरतो तो उपरण्याखाली किंवा रुमालाखाली, बोटे दाबून. तोंडाने देशोधडीच्या गप्पा चाललेल्या असतात आणि कापडाखाली हजारांचे आकडे चढत-उतरत असतात. धान्याच्या मोंढ्यातून कायद्याने ही झाकली मूठ घालविली आणि उघडा लिलाव आणला, ते शेतकऱ्याच्या हिताचेच झाले. पण बैलबाजारात पंधरा वर्षांचा पोरगा बापाच्या शेजारी उभा राहून समोरच्याच्या चेहऱ्यावरून तो आणखी चढेल की उठून जाईल हे जेव्हा ओळखतो, तेव्हा मला आमच्या पदवीधरांची आठवण होते. हे ओळखणे पुस्तकातून येत नाही. तेथे शंभर वेळा उभे राहावे लागते.

कोणी म्हणेल, ही पिढीजात विद्या आहे. ज्यांच्या घरी ती नाही त्यांनी काय करावे? ह्याचे उत्तर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील स्त्रियांनी दिले आहे, आणि तेही अत्यंत कठीण काळानंतर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपतीचे विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली, गावेच्या गावे बसली. पुनर्वसनाच्या कामात घरदुरुस्तीची माहिती घरोघर पोहोचविण्यासाठी गावातील स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. ज्या बाया कधी चावडीची पायरी चढल्या नव्हत्या त्या अभियंत्यास प्रश्न विचारू लागल्या. ह्या कामात पुढाकार घेणारी संस्था स्वयं शिक्षण प्रयोग ही होय. तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन २०२२ साली निवर्तल्या. घरे बांधून झाल्यावर त्या बायांच्या हाती काय उरले ? गावातील प्रत्येक घराची ओळख, आणि अपरिचित माणसापुढे बोलण्याचा सराव. विक्रीस लागणारे अर्धे भांडवल ते हेच.

संस्थेने त्यांतून विक्रेत्या उभ्या केल्या. त्यांस सखी म्हणतात. सुमारे २००६ च्या पुढे बीपी ही तेलकंपनी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या खटपटीने ‘ऊर्जा’ नावाची एक चूल निघाली होती. तीत लहानसा पंखा असे, तो चार्ज केलेल्या बॅटरीवर फिरे, आणि पिकांच्या टाकाऊ भागापासून दाबून केलेल्या गोळ्या जळण म्हणून वापरीत. धूर फार कमी. ह्या चुली गावोगाव विकण्याचे काम सख्यांनी केले. चुलीचा धूर डोळ्यांत घेऊन ज्यांचा जन्म गेला त्यांनीच ती विकावयाची. दुसऱ्या बाईच्या ओट्यावर ती पेटवून, त्यावर चहा करून दाखवायचा, भांड्याचे बूड दाखवायचे. शहरातील सुटाबुटातील विक्रेत्यास हे साधले नसते, कारण त्यास स्वयंपाकघरात कोणी घेतले नसते.

पुढे जे घडले ते सांगितल्याशिवाय हे उदाहरण पुरे होत नाही. २००९ च्या सुमारास कंपनीने तो धंदा दुसऱ्या हाती दिला. गोळ्या ज्या उसाच्या बगॅसपासून होत, त्यास इतर कारखान्यांकडून मागणी वाढली, भाव चढले, गोळ्या महाग झाल्या. पुष्कळ घरांतील त्या चुली अडगळीत गेल्या. कंपनीस हा ताळेबंदातील एक आकडा. परंतु ज्या सखीने शेजारणीस ‘घे, बाई’ म्हणून चूल दिली होती तिला रोज त्याच पाणवठ्यावर जायचे होते. विक्रीच्या सर्व पाठांत हा मला अवघड वाटतो : आपल्या हाती नसलेल्या गोष्टीसाठीही गिऱ्हाईक आपल्यासच विचारणार. त्यातूनही ही व्यवस्था मोडली नाही. सख्या सौर दिवे आणि घरोपयोगी इतर वस्तूंकडे वळल्या, शेतीमालाकडे वळल्या, आणि २०१६ साली ह्या संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाची किंमत कळते.

आता घरगुती गोष्टीकडे वळतो. आमचे कुटुंब नांदेडास एकत्र राहते. थोरल्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन स्पर्धापरीक्षांत तीन वर्षे घालवून बसला होता. घरात कोणी त्यास बोलत नसे, आणि तेच त्यास अधिक लागत असावे. वहिनींचे मेतकूट नातलगांत प्रसिद्ध. एका सायंकाळी त्या जेवताना सहज म्हणाल्या, “भाऊजी, हे विकून पाहिले तर ?” दादांनी ताटावरून मान वर केली. “विकायचे ते विका, पण पुडीवर आपले आडनाव नको.” ह्यावर दोन दिवस घरात चर्चा चालली. अखेर आमच्या धाकट्या सुनेने विचारले, “मामंजी, मेतकूट खवट निघाले तर लोकांनी परत कोणाकडे आणायचे ?” आडनाव छापले गेले.

हिशेब मी मांडून दिला. एक किलो मेतकुटास डाळी, तांदूळ, गहू, मेथी, मोहरी, हिंग, सुंठ वगैरे मिळून समजा १८० रुपये, भाजणे-दळणे ३०, चार पुड्या व चिठ्ठ्या १०, आणि दोन तासांची मजुरी ८०. ही शेवटची रक्कम घरातील बाया कधीच धरीत नाहीत, आणि म्हणून घरगुती धंदे नफ्यात असल्यासारखे दिसतात. एकूण ३००, म्हणजे पाव किलोची पुडी ७५ रुपयांस पडली. विक्री १०० रुपयांस. स्वतः विकल्यास पुडीमागे २५ सुटतात. दुकानदार २० ठेवून घेतो, मग ५ उरतात. सोळा पुड्या दुकानात ठेवल्या आणि त्यांतील एक खवट होऊन परत आली, तर पंधरांचे १२०० आले आणि सोळांचे १२०० गेले : नफा शून्य. हे गणित पाहून पुतण्या म्हणाला, “काका, हे पाचवीचे गणित आहे.” आहे खरे, पण पाचवीत त्यात मेतकूट नव्हते.

नातलगांस आरंभी विकू नये, असे मी सुचविले. आत्या पुडी घेते ती भाच्यासाठी. त्यावरून मालाची परीक्षा होत नाही. शाळेत आम्ही बालआनंद मेळावा भरवीत असू, मुले भेळ, भाजी, लिंबूसरबत विकायला मांडीत. पहिल्या दोन वर्षांत असे दिसले की आईबाप आपल्याच मुलाकडून दहाची भाजी पन्नासला घेऊन कौतुकाने घरी जात. तिसऱ्या वर्षी मी नियम केला की पालकांनी स्वतःच्या पाल्याकडून काही घेऊ नये. काही पालक रुसले. पण त्या वर्षी मुले प्रथमच ओरडू लागली, कोथिंबिरीवर पाणी मारू लागली, आणि दुपारनंतर एका मुलीने आपणहून भाव उतरविला.

पुतण्याने रोज दहा दुकाने फिरण्याचा नेम केला आणि नकारांची एक वही ठेवली. नकार मिळाला तर त्याखाली कारण लिहायचे. पहिल्या आठवड्यात कारण एकच असे : ‘नको म्हणाले.’ वजिराबादेतील एका दुकानदाराने खरे कारण सांगितले : पुडी फळीवर उभी राहत नाही, आडवी पडते, मग दिसत नाही. दुसऱ्याने सांगितले, केल्याची तारीख नाही. तिसऱ्याने अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा क्रमांक विचारला. २००६ च्या कायद्याप्रमाणे घरगुती विक्रेत्यासही नोंदणी लागते, ती आम्ही करून घेतली. चौथा म्हणे, माल ठेवा, पैसे विकल्यावर. आणि विकल्यावरही महिनाभर ‘उद्या या’. त्याच्याकडे पुतण्या अकरा वेळा गेला. अकराव्या खेपेस पैसे मिळाले, आणि त्या दुकानदाराचे नाव वहीत वेगळ्या शाईने लिहिले गेले. तिसऱ्या महिन्यात वहीतील कारणे लांब होऊ लागली. ह्याचा अर्थ लोक त्याच्याशी बोलू लागले होते, किंवा तो ऐकू लागला होता.

दादांनी काही महिने ह्या विषयावर तोंड उघडले नाही. पौषात त्यांचे एक जुने कचेरीतील स्नेही घरी आले असता त्यांनीच आतून पुडी आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “घ्या, शंभर रुपये.” स्नेह्यांनी चटकन पैसे काढले व वहिनींनी ते आत नेऊन डब्यात टाकले. चहा त्यानंतर आला.

अलीकडे पुतण्या लातुरास जाऊन आला. शिकवणीवर्गांच्या वसाहतीत खाणावळी पुष्कळ, आणि घरापासून दूर राहणारी मुले मऊ भातावर मेतकूट मिळाले तर आनंदाने घेतात, असे एका खाणावळवालीने त्यास सांगितले. पाव किलोची पुडी मात्र मुलांना नको. खोलीत ठेवण्यास पन्नास ग्रॅमची पाहिजे, आणि ती पंचवीस रुपयांच्या वर जाता कामा नये. पन्नास ग्रॅमचे मेतकूट साडेचौदा रुपयांचे होते, त्यावर लहान पुडी व चिठ्ठी, शिवाय नांदेड-लातूर एस. टी.चे भाडे. खाणावळवाली पुडीमागे चार रुपये मागते. वहिनी आणि तो सध्या रोज रात्री जेवणानंतर पाटी घेऊन ह्याच हिशेबास बसतात.